नकार द्यायला समोर माणूस हवा

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांत हल्ली एक युक्तिवाद वरचेवर ऐकू येतो. तो करणारी माणसं कामचुकार नाहीत, उलट बरीचशी कळकळीची आहेत. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. युक्तिवाद असा : वास्तुकला, अभियांत्रिकी, डिझाइन शिकणाऱ्या मुलांना सहभागी डिझाइन जरूर शिकवावं, पण त्यासाठी त्यांना वस्त्यांत आणि गावांत धाडू नये. मुलं कच्ची असतात. सत्र चार-पाच महिन्यांचं असतं. लोकांचा वेळ जातो, त्यांच्या अपेक्षा वाढतात आणि शेवटी उरतो तो स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल. त्यापेक्षा पद्धती आधी वर्गात घोटून घ्याव्यात. काल्पनिक वापरकर्ते रंगवावेत, मुलांनी आपापसांत भूमिका वाटून घ्याव्यात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावाव्यात. आता तर चॅटबॉटला सांगितलं की तो वाडीवरची चाळिशीतली बाई होऊन मुलाखतही देतो. खरी माणसं काय, नोकरीला लागल्यावर भेटतीलच.

हा वाद आता नुसता स्टाफरूममधला राहिलेला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांना क्रेडिट्स आली. मोठ्या संख्येने मुलांना समाजाकडे पाठवायचं ठरलं आहे. कुणाकडे, कुणाच्या बोलावण्यावरून आणि परत येऊन काय करायचं, हे मात्र बहुतेक ठिकाणी ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. अशा गोंधळात ‘पाठवूच नका’ हे उत्तर शहाणपणाचं वाटू लागतं.

त्या उत्तरातला निम्मा भाग मला मान्य आहे. क्षेत्रभेटीच्या नावाखाली जे चालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कॉलेजची बस येते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बॅनर लागतो. ग्रामसेवकाने बोलावलेले आठ-दहा पुरुष सतरंजीवर बसतात, त्यांतले निम्मे पंचायतीचेच सदस्य. मुलं चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात. प्रश्न मुळात इंग्रजीत लिहिलेले आणि बसमध्ये बसल्या बसल्या मराठीत आणलेले. मग जेवण, मग एकत्र फोटो, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर ‘लोकसहभागातून’. शहरापासून तास-दीड तासावरच्या ज्या गावांना दोन-तीन कॉलेजं जवळ पडतात, तिथे तोच फॉर्म दरवर्षी नव्या मुलांच्या हातात दिसतो. आधीच्यांनी काय लिहून नेलं हे गावाला कळत नाही. नव्या मुलांनाही कळत नाही, कारण तो अहवाल विभागाच्या कपाटात कुलूपबंद असतो.

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी विदुषीने १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्या, म्हणजे लोकांना झुलवणं आणि तुमचंच काहीतरी चुकतंय असं मानून त्यांच्यावर ‘उपचार’ करणं, तिने सहभागात धरल्याच नव्हत्या. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तीही १९६९मध्येच. योगायोग, दुसरं काही नाही. पण शिबिरांच्या पन्नासेक वर्षांच्या सवयीनंतरही ‘गावाला काहीतरी सांगायला जायचं’ ही आपली ढब सुटलेली नाही, हे या शिडीकडे पाहताना लक्षात येतं. बॅनरवाली भेट त्या तळाच्या पायऱ्यांवरच उभी असते.

इथपर्यंत आम्ही एकाच बाजूला आहोत. फाटा फुटतो तो निष्कर्षावर. ती भेट वाईट ठरते ती मुलं गावात गेली म्हणून नव्हे. ती वाईट ठरते कारण तिथे कुणालाही ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. सरपंचाला कॉलेजशी संबंध बिघडवायचे नव्हते, ग्रामसेवकाला वरून फोन आला होता, आणि बायांना कुणी विचारलंच नव्हतं. आता वर्गात या. इथे तर हाच दोष निर्भेळ स्वरूपात आहे. वाडीवरच्या बाईची भूमिका करणाऱ्या वर्गमित्राला साडेपाचची लोकल गाठायची असते. तो पाचव्या मिनिटाला आराखडा पसंत करतो.

सहभागी डिझाइनमधली तंत्रं अवघड नाहीत. मुलाखत कशी घ्यावी, जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा लोकांकडून कसा काढून घ्यावा, शिवारफेरीत कुणाच्या मागे चालावं, पुठ्ठ्याचं प्रारूप कसं करावं, हे आठवड्याभरात शिकवून होतं. अवघड आहे ते पुढे. चांगल्या हेतूने, जागरणं करून, आकडेमोड करून केलेला आराखडा समोरचा माणूस बाजूला सारतो, तेव्हा काय करायचं? त्याच्या नकारात आपल्याला नसलेली माहिती आहे, की त्याचा हितसंबंध आहे, की दोन्ही? तो नकार कुणाचा आहे आणि त्याच्याखाली आणखी कुणाचा होकार दबला आहे? वाद घालायचा, कागद फाडायचा, की आभार मानून निघून यायचं? या विषयात पदवी द्यावी असं जे काही आहे ते इथे आहे. आणि जिथे कुणी खराखुरा नकार देऊ शकत नाही, तिथे हे शिकवायला सामग्रीच नसते.

‘आधी पद्धत, मग लोक’ हा क्रम ज्यांना स्वयंसिद्ध वाटतो त्यांनी या विषयाचा जन्म कसा झाला ते एकदा पाहावं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेला कारखान्यांत येऊ घातलेल्या संगणकांबद्दल स्वतःची समज हवी होती. मालकांकडे तज्ज्ञ होते, संघटनेकडे नव्हते. मदतीला आले क्रिस्टन निगार्ड आणि त्यांचे सहकारी. निगार्ड हे साधं नाव नव्हे. ओले-योहान डाल यांच्याबरोबर त्यांनी सिम्युला ही संगणकभाषा घडवली, आजच्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची ती आई. पुढे त्यासाठी दोघांना ट्युरिंग पारितोषिक मिळालं. म्हणजे ‘कच्ची मुलं’ हा आक्षेप इथे लागू नाही. या पक्क्या माणसांनीही सुरुवात कशी केली? संशोधक कारखान्यांतल्या प्रणालींचा अभ्यास करणार, अहवाल लिहिणार, संघटना तो वाचणार. आपल्या क्षेत्रभेटीचा आराखडा याहून फार वेगळा नसतो.

तो आराखडा टिकला नाही. अहवालांनी कामगारांच्या हाती काहीच येत नाही हे उघड झालं, आणि प्रकल्पाचं फलित कशाला म्हणायचं ही व्याख्याच उलटवली गेली. संशोधकांनी काय लिहिलं ते फलित नव्हे. कारखान्यांतल्या स्थानिक शाखांनी त्यातून जी पावलं उचलली ती फलित. मग कामगारांचे गट आपापल्या कारखान्याचा अभ्यास करू लागले, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिलं गेलं. १९७५ साली तिथला कामगार महासंघ आणि मालकांचा संघ यांच्यात संगणक प्रणालींबद्दल देशपातळीवर करार झाला. नव्या प्रणालीची माहिती आधी मिळण्याचा आणि त्यासाठी आपला प्रतिनिधी निवडण्याचा हक्क कामगारांना मिळाला. ज्याला आज आपण पद्धत म्हणतो ती या वळणातून निघाली आहे. वर्गात घोटायला तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती. आणि जे वळण तिला जन्म देऊन गेलं ते कुणा विद्वानाला टेबलाशी सुचलेलं नव्हतं. ज्यांच्यासाठी अहवाल लिहिले त्यांना ते कामाचे नव्हते, म्हणून ते आलं.

पुठ्ठ्याच्या प्रारूपांचंही तेच. १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमधले संशोधक नॉर्डिक देशांतल्या मुद्रण कामगारांच्या संघटनेबरोबर वर्तमानपत्राच्या पानजुळणीसाठी संगणक-साधनं आखत होते. प्रकल्पाचं नाव युटोपिया. पेले एन, मॉर्टन क्यूंग, सुसान बुड्कर ही पुढे या विषयात मोठी झालेली मंडळी त्यात होती. सुरुवातीला त्यांनी आपल्या धंद्यातल्या रीतीप्रमाणे प्रणालीची वर्णनं आणि आकृत्या पुढे केल्या. जुळारी त्या बघत आणि गप्प राहत. त्या आकृत्यांत त्यांचं काम त्यांना दिसतच नव्हतं. तेव्हा कुठे लाकडी फळ्या, स्लाइडचा प्रोजेक्टर, रिकामी खोकी आली. एका खोक्यावर ‘लेझर प्रिंटर’ असं लिहिलं, तशी यंत्रं अजून बाजारात यायची होती, आणि जुळाऱ्याने ते समोर ठेवून आपलं पान लावून दाखवलं. हाताला काम मिळाल्यावर माणसं बोलू लागली.

आज आमच्या वर्गांत पुठ्ठा मुबलक आहे. जुळारी तेवढा नाही. कार्यशाळेत मुलं खोकी कापतात, रंगवतात, एकमेकांना दाखवतात आणि त्याला सहभागी प्रारूपण म्हणून गुण मिळवतात. मौनाला दिलेलं उत्तर आपण घेतलं आणि मौन गाळलं. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण आमच्या बाजूचे उत्साही लोक ती टाळतात : युटोपियातून निघालेलं उत्पादन बाजारात चाललं नाही. लोकांना बरोबर घेतलं की वस्तू यशस्वी होतेच असा दावा मी करत नाही, आणि जो शिक्षक मुलांपुढे तो करतो तो त्यांना फसवतो.

आता ‘लोक काही तज्ज्ञ नसतात’ हा आक्षेप. तो सहसा पुलाच्या उदाहरणाने येतो : पुलात सळई किती घालायची हे काय गावाला विचारणार? नाही विचारणार. कुणी विचारलंही नव्हतं. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायांनी १९८०च्या दशकात स्वतःची घरं आखली तेव्हाही स्लॅबचा हिशेब त्यांनी मागितला नव्हता. १९८५ साल होतं. फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षी आला, आणि त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने या लोकांची मोजणी केली. तिथून महिला मिलन ही या बायांची संघटना उभी राहिली. या बायांनी इमारतींतली घरं जाऊन पाहिली, खोलीची लांबी-रुंदी-उंची साडीने मोजली, आणि मग खऱ्या मापाचे नमुने उभे करून लोकांना दाखवले. त्यांनी मागितलं ते क्षेत्रफळ नव्हतं, उंची होती : चौदा फूट, म्हणजे मधे माळा पडेल आणि तेवढ्याच जमिनीवर झोपायला दुसरी जागा होईल. वास्तुकलेचा विद्यार्थी लहान घर म्हटलं की चौरस फुटांत विचार करतो, कारण त्याला तसं शिकवलेलं असतं, नियमावलीही तशीच लिहिलेली असते. रात्री सहा माणसं एका खोलीत कुठल्या दिशेला पाय करून झोपतात हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याला उंचीचा प्रश्न सुचत नाही.

तज्ज्ञता कमी नव्हती, तरी काय होतं याचं उदाहरण हवं असेल तर सुधारित चुली आहेत. १९८३पासून सुमारे वीस वर्षं देशभर राष्ट्रीय कार्यक्रम चालला, तीन कोटींहून अधिक चुली बसल्या, आणि त्यांतल्या कितीतरी काही महिन्यांत मोडल्या, पडून राहिल्या किंवा फोडून जुन्या घडणीच्या केल्या गेल्या. ज्वलनशास्त्र चुकलं नव्हतं. पण आपल्याकडची भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर फुगवावी लागते. ते तोंड आवळलं की लाकूड वाचतं आणि भाकरी अर्धवट राहते. लाकूड लहान तुकड्यांत फोडून घालावं लागलं की तो वेळ बाईचा जातो. धुराडं साफ करायला छपरावर कुणी चढायचं, हा प्रश्न प्रयोगशाळेत पडत नाही. आणि पैसे कशावर खर्च व्हावेत हे घरात ठरवतो तो बहुधा चुलीपुढे बसत नाही.

इथे चॅटबॉटचे समर्थक म्हणतील, भाकरीचं हे सगळं बॉटही सांगेल. सांगेल, कबूल. कुणीतरी कधीतरी त्या चुलीपुढे जाऊन बसलं, ऐकलं, लिहून ठेवलं, म्हणून ते त्याच्यापर्यंत पोचलं. तयारी म्हणून, प्रश्न कसे विचारावेत याचा सराव म्हणून, मुलांनी बॉट वापरायला माझी हरकत नाही. पण त्याला सहभागाची तालीम म्हणू नका. बॉटची मजुरी बुडत नाही. तो ‘आत्ता नाही, टँकर आलाय’ म्हणत नाही. त्याला सासू नाही, सावकार नाही, पुढच्या पंचायत निवडणुकीत उभा राहणारा दीर नाही. मुलाने चुकीचा प्रश्न विचारला तर तो दुसऱ्या क्षणी समजून घेतो आणि मुलाला आपण चुकलो हे कळतही नाही. त्याने नाही म्हटलं तरी नवी खिडकी उघडून दुसऱ्या बाईला जन्म देता येतो. नकाराची किंमत शून्य असेल तर तो नकारच नव्हे.

भूमिका वाटपाचंही एक गुपित सांगतो. वर्गात शेतकरी वाटला जातो, विधवा वाटली जाते, म्हातारा वाटला जातो. जात कुणी वाटत नाही. मुलं सभ्य असतात. पण गावातली बैठक देवळाच्या ओट्यावर ठेवली तर कोण पायरीपाशीच थांबतं आणि कोण येतच नाही, नळाच्या जागेवरून ग्रामसभेत कोण बोलतं आणि कोण घरी जाऊन बोलतं, एका घरी चहा घेतला की दुसऱ्या आळीत तुमच्याकडे कसं पाहिलं जातं, हे सगळं तिथे गेल्याशिवाय आराखड्यात शिरत नाही. आमच्या बाजूच्या लोकांना ‘गाव’ नावाची एक गोड, एकजीव वस्तू कल्पायची खोड आहे. ती खोड मोडायलाही वर्ग पुरत नाही.

राहता राहिला सगळ्यात वजनदार आक्षेप : लोक म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. खरं आहे. म्हणून मी विचारतो, मग पदवी घेतल्यावर काय होणार आहे? हीच मुलं सल्लागार कंपन्यांत, सरकारी प्रकल्पांत, ॲप बनवणाऱ्या कार्यालयांत जाणार. तिथे त्यांच्या आराखड्यांवर कोटींचा निधी असेल, चूक झाली तर ती हजार गावांत एकदम होईल, आणि मागे उभा राहून ‘थांब, परत विचार’ म्हणणारा शिक्षक नसेल. लोकांवर पहिला प्रयोग टळत नाही, तो फक्त देखरेखीच्या बाहेर ढकलला जातो. तरीही आक्षेपाचा गाभा उरतोच : देखरेख आहे म्हणून लोकांचा वेळ फुकट घ्यायचा परवाना मिळत नाही. याचं उत्तर रचनेत आहे, आणि अशा रचना अस्तित्वात आहेत.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) घ्या. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, आणि २०११ साली आपल्या बांबूचा वाहतूक परवाना गावानेच देण्याचा हक्क त्याने मिळवला, म्हणून आपल्याला माहीत असतं. मला त्यातलं शिकवण्यासारखं वाटतं ते वेगळं आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या गेल्या. अभ्यासासाठी अभ्यासगट, आणि निर्णयासाठी ग्रामसभा, तीही सर्वसहमतीने. अभ्यासगटात बाहेरचा माणूस येऊ शकतो, माहिती मांडू शकतो, वाद घालू शकतो. निर्णयात त्याला जागा नाही. विद्यार्थ्यासाठी याहून नेमकी जागा कुणी आखून देऊ शकणार नाही. कच्चेपणाची भीती इथे निम्म्याने कमी होते, कारण कच्च्या माणसाच्या हातात निर्णयच नाही. त्याने चुकीची आकडेमोड आणली तर ती तपासणारे लोक आहेत, आणि पटली नाही तर ती तिथेच संपते. उलट पक्क्या सल्लागाराचा पक्का आराखडा जेव्हा ग्रामसभेला नुसता वाचून दाखवला जातो, तेव्हा धोका किती तरी मोठा असतो.

दुसरी रचना विद्यापीठाची आहे. ओस्लो विद्यापीठातला योर्न ब्रा हा संशोधक वर्णभेदाचा अंत होत असताना दक्षिण आफ्रिकेत गेला, आणि १९९४पासून तिथल्या विद्यापीठांबरोबर आरोग्य माहिती प्रणालीचं काम सुरू झालं. दवाखान्यांतल्या परिचारिकांना वर पाठवायचे रकाने भरून जीव जात होता आणि त्या आकड्यांचा त्यांना स्वतःला उपयोग शून्य होता. तडजोड अशी निघाली की वरच्या पातळीने कमीत कमी आकडे मागावेत, आणि खालच्या पातळीने आपल्याला लागणारे आपले आपण त्यात घालावेत. २०००च्या सुमारास हे काम आंध्रातल्या कुप्पमला आलं. २००६ साली त्या प्रणालीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती प्रथम केरळात वापरात आली. ती घडवण्यात ओस्लोच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा मोठा हात होता, एका अभ्यासक्रमाचा तो भागच होता. आज डीएचआयएस-२ या नावाने ती कितीतरी देशांत चालते. कोविडच्या काळात श्रीलंकेने ती साथीसाठी वळवली आणि नॉर्वेच्या नगरपालिकांनीही वापरली. विद्यार्थी येतात, दोन वर्षांत जातात. संबंध विद्यापीठाचा आहे, विद्यार्थ्याचा नव्हे. नवा मुलगा आला की त्याला शून्यापासून विश्वास मिळवावा लागत नाही, आणि त्याने घोळ घातला तर निस्तरणारं कुणी पुढच्या वर्षीही तिथे असतं.

यासाठी नॉर्वेचा पैसाच लागतो असं नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथली मुलं वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग शिकतात ती गावाला सेवा देत देत, आणि गाव त्या सेवेचे पैसे मोजतं. पैसे मोजणारा माणूस तक्रार करतो. फाटक वाकडं बसलं तर परत बोलावतो. मुंबईच्या आयआयटीत १९८५पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, त्याचे पदव्युत्तर विद्यार्थी गावात मुक्काम करून पिण्याच्या पाण्याच्या, शेतीच्या प्रश्नांवर काम करतात. त्याच धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्याच भागातले प्रश्न हाती घ्यावेत, ही उन्नत महाराष्ट्र अभियानामागची कल्पना आहे. एखादं महाविद्यालय दहा वर्षं एकाच तालुक्याशी बांधलं गेलं, तर मागचा अहवाल कपाटात राहू शकत नाही. गावच तो मागेल.

‘पण इतक्या मुलांना असं कसं पुरणार?’ नाही पुरणार. साठ जणांच्या वर्गाला पाच-पाचच्या बारा गटांत तोडून एकाच वाडीवर सोडणं हा छळ आहे, आणि तो बंद व्हावा असं मलाही वाटतं. प्रत्येकाला प्रत्येक सत्रात गावी पाठवलंच पाहिजे असा काही धर्म नाही. कॉलेजच्या आवारातच सहभागाला हवी तेवढी खरी माणसं आहेत : वसतिगृहाची खानावळ चालवणाऱ्या बाया, पहाटे सफाईला येणारे कंत्राटी कामगार, ग्रंथालयाची पायरी चढता न येणारा अंध किंवा अपंग विद्यार्थी. त्यांना विचारून, त्यांच्या हाती निर्णय देऊन, विद्यापीठाने एक तरी गोष्ट बदलून दाखवावी. हा पर्याय सुचवला की बैठकीत शांतता पसरते, कारण इथे नकार ऐकायची वेळ विद्यापीठावरच येते. गावावर प्रयोग नको म्हणणाऱ्यांचा आवाज इथे का बसतो, हा प्रश्न मी त्यांच्यावरच सोडतो.

शेवटी मुद्दा गुणांचा, आणि बहुतेकदा सगळं तिथेच अडतं. परीक्षा विभागाला सत्राअखेर एक वस्तू हवी असते : नमुना, मॉडेल, पोस्टर. त्यामुळे गावाला काही नको असलं तरी मुलं काहीतरी करून आणतात, आणि त्या काहीतरीची जबाबदारी मग गावावर पडते. हे बदलायला क्रांती लागत नाही, तीन-चार नियम पुरतात. काम सुरू होण्याआधी लोकांच्या बाजूने, त्यांच्या भाषेत, एक कागद व्हावा, आणि तो कधीही मोडण्याचा हक्क त्यांना असावा. ज्यांची मजुरी बुडते त्यांना ती मिळावी. बाहेरच्या परीक्षकाला मानधन आणि प्रवासखर्च मिळतो, तो विभागाच्या खर्चात बसतो, तसंच हेही बसेल. मूल्यमापनात गावातल्या किंवा वस्तीतल्या माणसाचा शब्द धरावा, शोभेपुरता नव्हे. पण ‘मुलं छान वागली’ एवढं त्याच्याकडून वदवून घेण्याचा मोह आवरावा, आपली माणसं पाहुण्यांबद्दल वाईट बोलत नाहीत. आणि जो गट सत्राअखेर परत येऊन पुराव्यानिशी सांगतो की लोकांना आमचा आराखडा नको आहे, कारणं ही, कुणाला नको आणि कुणाला चालला असता ते हे, आणि आम्ही तो मागे घेतला आहे, त्या गटाला कुठलीही वस्तू न दाखवता पूर्ण गुण मिळतील, असं कलम परीक्षेच्या नियमावलीत स्पष्ट शब्दांत घालावं. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत ‘मुलांना पाठवायचं की नाही’ यावर तास घालवण्यापेक्षा या एका कलमावर मतदान घ्या.